सर्च आणि सूड

सोमवार, ६ जानेवारी २०२५. सकाळी
नवी डायरी. संकल्प दोनच, पण पक्के. रोज पहाटे फिरायला जायचं, आणि कुणाचाही राग मनात ठेवायचा नाही. बीपी वरचं आहे. डॉक्टर म्हणाले, राग सोडा. सोडला.

त्याच दिवशी, संध्याकाळी
दुसरा संकल्प तूर्त स्थगित.

सूड घ्यायचा तर तपशील चुकायला नको, म्हणून नीट लिहून ठेवतो. मी पंचाक्षरी, कळंबच्या दूध डेअरीचा सिस्टीम मॅनेजर. डेअरीचं सॉफ्टवेअर मी लहानाचं मोठं केलं. दूध संकलन, पशुखाद्य, जनावरांचे डॉक्टर, टँकर, स्टोअर. प्रत्येकाचं मॉड्यूल वेगळं, प्रत्येकाचा सर्च वेगळा. शिस्त म्हणजे शिस्त. आज आमच्या एमडींनी, नानासाहेबांनी, मीटिंगमध्ये एक नवीन मुलगी आणून बसवली. पौर्णिमा. ढोकीची. पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत डिझायनर होती, आता गावाकडं आली. हिचं काम काय, तर सगळ्या मॉड्यूलना मिळून एकच सर्च बनवायचा.

तिनं सगळ्यांसमोर मला विचारलं, सर, बेंबळीच्या एखाद्या बाईंचं दूध किती आलं, त्यांनी पेंड कुठली नेली आणि त्यांच्या गाईला औषध काय दिलं, हे एकत्र बघायचं तर कुठं टाईप करायचं?

मी म्हणालो, एकत्र बघायची गरजच काय?

हे मी गंभीरपणे म्हणालो होतो. लोक हसले. पेंडीच्या गोडाऊनचा बलभीम तोंडाला टॉवेल लावून हसला. नानासाहेबही हसले, आणि ते मागच्या दिवाळीपासून हसलेले नव्हते.

पौर्णिमा हसली नाही. हे जास्त लागलं.

मंगळवार, ७ जानेवारी
फिरायला गेलो नाही. थंडी.

शिवांजलीला सगळं सांगितलं. बायको म्हणून तिनं माझी बाजू घ्यायला पाहिजे होती. म्हणाली, अहो, त्या पोरीनं नुसतं विचारलं. मी म्हणालो, तुला ऑफिसचं राजकारण कळत नाही. ती म्हणाली, न्हाय कळत तेच बरं, गॅसचा नंबर तेवढा लावा.

नंबर लावला. पण सूड पक्का. वरवर मदत करायची, आतून पोखरायचं. सहा महिन्यांत मुलगी स्वतःहून पुण्याची गाडी धरेल.

शुक्रवार, १० जानेवारी
सूड क्रमांक एक. बसायची जागा मी ठरवतो. तिला चिलिंग प्लांटच्या भिंतीला लागून टेबल दिलं. पलीकडं कंप्रेसर चालू झाला की टेबलावरचा चहा कपात थरथरतो. शेजारी पिण्याच्या पाण्याचा कूलर, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्यांची कटकट. अशा जागी माणूस स्वतःचं नावसुद्धा विसरेल.

ती म्हणाली, थँक्यू सर. घाबरलेली आहे.

सोमवार, २० जानेवारी
कूलर हलवायची विनंती मेंटेनन्सकडं केली. झालं असं की डेअरीतला प्रत्येक माणूस दिवसातून चारदा पाणी प्यायला येतो आणि तिच्याशी बोलून जातो. ती काही करत नाही, फक्त विचारते, आज काय शोधायला वेळ गेला? मग लोक ग्लास हातात धरून बोलतच राहतात. संकलनवाले म्हणाले, आमी गावाच्या नावावरून शोधतो. पेंडवाले म्हणाले, आमी मोबाईलच्या शेवटच्या आकड्यांवरून. डॉक्टर म्हणाले, मला माणूस आठवत नाही, जनावर आठवतं. मोडक्या शिंगाची काळी म्हैस म्हटलं की मला घर दिसतं.

आजवर मला हे कुणी सांगितलं नव्हतं. अर्थात मी विचारलं नव्हतं, आणि विचारायचं कारणही नव्हतं. माझ्या सर्चमध्ये पूर्ण नाव बरोबर स्पेलिंगसह टाकलं की माणूस हमखास सापडतो. स्पेलिंग चुकणाऱ्याला माणूस सापडावाच कशाला?

फिरणं: एकदा. तेही कुत्रं मागं लागलं म्हणून.

रविवार, २ फेब्रुवारी
बेंबळीला अक्काकडं गेलो. नीलम्मा अक्का, माझी थोरली बहीण. भाऊजी गेल्यापासून जनावरांवरच तिचं घर चालतं, दूध आमच्याच डेअरीला घालते. तिच्यासमोर पौर्णिमेचा विषय काढला. वाटलं, रक्ताचं माणूस आहे, पेटून उठेल.

अक्का म्हणाली, चांगलं करायली की ती पोरगी. मी पेंडीचं इचारायला गेले की म्हणतेत दुधाच्या खिडकीवर जा. दुधावाला म्हणतो डॉक्टरला इचार. डॉक्टर म्हणतो, तुमचं नाव न्हाय माझ्याकडं. म्या हाय का न्हाय तुमच्या डेअरीत, मलाच कळंना.

तिला समजावलं की तिचं नाव संकलनात उत्पादक म्हणून आहे, खाद्यात ग्राहक म्हणून आणि डॉक्टरांकडं पशुपालक म्हणून. तीन वेगळ्या व्यक्ती आहेत. अक्कानं ताट वाढायला घेतलं. मग म्हणाली, जेव.

अक्का टेक्निकल नाही.

सोमवार, १० फेब्रुवारी
सूडाला नवी दिशा. नुसतं पाडून उपयोग नाही, वर चढूनही दाखवलं पाहिजे. माझा स्वतःचा सर्च बनवतोय. नाव: महाशोध. एकाच स्क्रीनवर बावीस रकाने. बावीसही भरणं सक्तीचं. आपण काय शोधतोय हे शोधणाऱ्याला आधी पूर्ण माहीत असलं पाहिजे, हे माझं तत्त्व. ते कुठल्या पुस्तकात नाही, माझं आहे.

नानासाहेबांना दोन्ही सर्च एकाच दिवशी दाखवू असं मीच सुचवलं. ते बरं म्हणाले.

बुधवार, १२ फेब्रुवारी
मुलगी आपल्या पायांनी चालत आली. म्हणाली, सर, लोक एकाच गोष्टीला वेगवेगळे शब्द वापरतात, ते सर्चला शिकवायचेत. कुणी पशुखाद्य म्हणतं, कुणी पेंड, कुणी गोळी. तुम्ही इथं सगळ्यांत जुने, तुम्हीच मला अशी यादी करून द्याल का?

सूड क्रमांक दोन माझ्या हातात ठेवून गेली. यादी दिली. सरकी म्हणजे टँकर. धार म्हणजे पगार. कॅन म्हणजे गाभण. अतिशय शांतपणे दिली. बघूया आता हिचा सर्च काय दिवे लावतो.

बुधवार, १९ फेब्रुवारी
ती यादी तिनं कूलरवर चिकटवली आणि शेजारी पेन बांधून ठेवलं. दोन दिवसांत यादी ओळखू येईना इतकी खोडून भरली. लोकांनी कडेला, खाली, मागच्या बाजूला लिहिलं. बलभीमनं तर स्वतःचा कागद आणून जोडला.

पौर्णिमा मला म्हणाली, सर, तुमची आयडिया फार चांगली होती. आम्हाला शब्द सांगा म्हटलं तर लोक गप्प बसतात. चुकीचे लिहून ठेवले की प्रत्येकाला दुरुस्त करावंसं वाटतं.

मी म्हणालो, अनुभव.

गुरुवार, २० फेब्रुवारी
फार झालं. सूड क्रमांक तीन, आणि हा शेवटचा. डॉक्टर मॉड्यूल तिच्या सर्चसाठी बंद केलं. कारण: माहिती सुरक्षा धोरण. धोरण दुपारी लिहिलं, चहाच्या आधी लागू केलं. जनावरांचे आजार ही खासगी बाब आहे. उद्या कुणाच्या गाईबद्दल नको ते बाहेर गेलं तर जबाबदार कोण?

नवा पासवर्ड टाकला. टाकताना फार बरं वाटलं. बीपी नक्की खाली आलं असणार.

मंगळवार, २५ फेब्रुवारी
डेमो झाला. तपशिलात जात नाही.

थोडा जातो. नानासाहेबांना बेंबळी भागात पेंड किती गेली ते बघायचं होतं. महाशोधनं त्यांना ग्राहकाची जन्मतारीख विचारली. मग वडिलांचं पूर्ण नाव. मग टँकरचा नंबर. नानासाहेब म्हणाले, एवढं माहीत असतं तर मी शोधलं कशाला असतं? मी म्हणालो, साहेब, उत्तर उद्या सकाळी मेलवर येईल. ते म्हणाले, म्हणजे आज हरवलेलं उद्या सापडणार. मी म्हणालो, शंभर टक्के. त्यांनी मान हलवली. पसंतीची असावी.

मग तिचा. वर एकच लांबट पेटी. नानासाहेबांनी दोन बोटांनी बेंबळी पेंड एवढंच लिहिलं, तेही पेंडवरचं टिंब विसरून. खाली उत्तरं आली. दुधाची वेगळी, खाद्याची वेगळी, प्रत्येकावर कुठून आलं ते लिहिलेलं. डॉक्टर या मथळ्याखाली मात्र करड्या अक्षरांत, परवानगी नाही.

नानासाहेबांनी विचारलं, हे का बंद? मी धोरणाची फाईल उघडायला लागलो. पौर्णिमा म्हणाली, सुरक्षेचं काम सर बघतायत, होईल लवकर.

मला घाबरते, हे आज सिद्ध झालं.

बुधवार, २६ फेब्रुवारी
महाशिवरात्र. कडक उपवास. साबुदाणा, भगर, रताळी, शेंगदाण्याची आमटी, दोन केळी. देवाकडं काही मागितलं नाही. फक्त परिस्थिती सांगितली.

सोमवार, १० मार्च
पौर्णिमा पुन्हा आली. डॉक्टर मॉड्यूल तिसऱ्यांदा मागितलं. म्हणाली, सर, शुक्रवारपासून काही गावांचं दूध उतरलंय. एकाच वेळी इतक्या गावांत उतरायला नको. डॉक्टरांनी तिथं काय नोंदवलंय ते बघता आलं तर कळेल.

मी म्हणालो, विहित नमुन्यात अर्ज करा. ती म्हणाली, नमुना द्या. मी म्हणालो, नमुना तयार होतोय.

तिनं वही मिटली. मग म्हणाली, ठीक आहे सर, मी डॉक्टरांना फोन लावून बघते. डॉक्टर दिवसभर खेड्यांवर असतात, फोन कुठला लागतोय.

तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हार दिसली. घरी येताना अर्धा किलो जिलेबी आणली. शिवांजलीनं विचारलं, कशाची? मी म्हणालो, उन्हाळ्याची.

बुधवार, १२ मार्च
सकाळपासून डेअरीच्या फाटकावर माणसं. जनावरं पेंड खाईनात, पातळ शेण टाकायलीत. एका गावात दोन दगावली. नानासाहेबांनी मला बोलावलं तेव्हा तिथं पौर्णिमा आणि बलभीम आधीच होते. नानासाहेब म्हणाले, डॉक्टरांचं मॉड्यूल उघडा. मी धोरणाची प्रत सोबत नेली होती. ती त्यांनी हातात घेतली नाही.

म्हणाले, तुम्ही उभे राहा, तिला बसू द्या, पासवर्ड सांगा.

मी म्हणालो, लिहून देतो. ते म्हणाले, तोंडानं सांगा, वेळ नाही.

सांगितला. पौर्णिमा हरणार.

 बलभीमनं खिडकीबाहेर बघितलं. पौर्णिमेनं एवढंच विचारलं, सर, सगळी स्मॉल अक्षरं का? मी म्हणालो, हो. मध्ये स्पेस नाही.

मग तिनं पेटीत पेंड खाईना असं लिहिलं. डॉक्टरांनी कुठं खात नाही लिहिलं होतं, कुठं चारा सोडला, कुठं तोंड लावत नाही. सगळं आलं. मला वाटलं होतं येणार नाही. प्रत्येक जनावराशेजारी त्या घरी कुठल्या लॉटची पेंड गेली ते आलं. सगळीकडं एकच लॉट. बलभीम म्हणाला, साहेब, ह्या पोत्यांना कुबट वास येत हुता, म्या आठ दिसांखाली स्टोअरच्या मॉड्यूलमदी लिवलंय. तेही आलं.

ज्या घरी तो लॉट गेला होता त्यांना लगेच फोन करायचे ठरलं. नानासाहेबांनी गावं वाटून दिली. मला म्हणाले, बेंबळी तुम्ही घ्या, तुमच्या बहिणीचं गाव आहे.

मी म्हणालो, लेखी आदेशाशिवाय सिस्टीम विभाग फोन करत नसतो. ते काम माझ्या हुद्द्याचं नाही. नानासाहेबांनी बेंबळीची यादी माझ्यासमोरून उचलली. पौर्णिमा म्हणाली, बेंबळी मी करते.

मी केबिनमध्ये बसून संचालक मंडळाला निषेधाचा मेल लिहिला. अपमान, कार्यपद्धती, पासवर्डची गोपनीयता, सगळे मुद्दे घेतले. अक्काचे दोन फोन आले, कापले. मेलचा ओघ तुटला असता. अक्का हल्ली आमची गोळी पेंड घेत नाही, सरकी घालते, हे मला पक्कं माहीत आहे.

गुरुवार, १३ मार्च
मेलला उत्तर नाही. दबाव वाढतोय. त्यांच्यावर.

ऑफिसात सगळे त्या पेटीतच टाईप करतायत. कॅन्टीनवाल्यानंसुद्धा स्वतःचं नाव टाकून बघितलं.

अक्काला फोन करायचा राहिला. आज होळी, ती कामात असेल. उद्या सुट्टी आहे, जाऊनच येतो. अक्कासारखं माझं ऐकून घेणारं दुसरं कुणी नाही.

शुक्रवार, १४ मार्च
धुळवड. बेंबळीला गेलो. एसटीत कुणीतरी बाहीवर रंग टाकला.

अक्का गोठ्यात होती. दोन्ही गायी उभ्या होत्या. एक चघळत होती, दुसरी नुसती उभी. पलीकडचा खुंटा रिकामा, दावं गुंडाळून ठेवलेलं.

मी विचारायच्या आधी अक्काच म्हणाली, कालवड गेली. मंगळवारी.

तिनं सांगितलं. सरकी महाग झाली म्हणून मागच्या महिन्यापासून तिनं पुन्हा आपल्या डेअरीचीच पेंड धरली. भावाची डेअरी म्हणून. रविवारपासून कालवड खाईना. डॉक्टर सोमवारी सकाळी येऊन सुई देऊन गेले, लिहून घेतलं. अक्काला वाटलं, जनावर अंगानं लहान, अशक्तपणा आला असंल, म्हणून तिला पेंड जास्तच चारली. बुधवारी सकाळी मला दोनदा फोन केला. मग दुपारी डेअरीतून फोन आला, पेंड लगेच बंद करा.

अक्का म्हणाली, पौर्णिमा म्हणून पोरगी हाय न्हवं तुमच्याकडं, तिचा फोन. लई गोड बोलली. मी म्हणलं, माझा भाऊ तिथंच हाय, पंचाक्षरी. ती म्हणली, व्हय, सरांनीच परवानगी दिली म्हणून आमाला तुमचं नाव सापडलं. मग म्या पोतं उचलून भाईर टाकलं. ह्या दोगी वाचल्या बग तुझ्यामुळं.

मी बाहीवरचा रंग चोळत राहिलो.

ती म्हणाली, सोमवारीच कळलं असतं तर ती बी वाचली असती. पर तू तरी काय करणार. तुला कळलं तवा तू केलं.

आल्यावर इथं लिहिणार होतो की कालवड मुळात नाजूक होती. लिहिता आलं नाही. गेल्या खेपेला ती दावं तोडून रस्त्यापर्यंत पळाली होती आणि तिला धरून आणता आणता माझी चप्पल तुटली होती.

जेवण झाल्यावर अक्कानं धपाटे केले. नको म्हणत होतो. स्टीलच्या डब्यात बांधले, वर शेंगाची चटणी. म्हणाली, हे त्या पोरीला दे. अन् तुमच्या हापिसातल्या समद्यास्नी. तिला म्हणावं, अक्कानं आठवण काढली.

शनिवार, १५ मार्च
फिरायला गेलो नाही.

डबा पौर्णिमेला दिला. म्हणालो, बेंबळीहून आलाय. तिनं विचारलं, सर, अक्कांच्या गायी? मी म्हणालो, दोन्ही बऱ्या आहेत. तिनं तिसरीचं विचारलं नाही. नोंद तिनं वाचलेली असणार.

कूलरपाशी सगळ्यांनी उभ्यानं खाल्लं. बलभीम म्हणाला, साहेब, तुमचा धपाटा ठिवलाय. मी म्हणालो, मला बीपीचं पथ्य आहे.

कंप्रेसर चालू होता, त्यामुळं कुणी फार बोलत नव्हतं.

डबा धुऊन पिशवीत ठेवला. अक्काचा आहे. परत द्यायला मलाच जावं लागेल.